न गेलेल्या सहलीचं बिल

मराठी माणूस बुकिंग रद्द करताना पैशांचा विषय लगेच काढत नाही. आधी कारण सांगतो. तेही नुसतं नाही, पार्श्वभूमीसकट. "त्याचं काय झालं, आमच्या आत्याच्या सुनेची तारीख खरं म्हणजे पुढच्या महिन्यातली होती..." इथून सुरुवात होते. मग सुनेचं माहेर साताऱ्याला असताना बाळंतपण सासरी का ठरलं, डॉक्टर आयत्या वेळी काय बोलले, आत्याचे गुडघे कसे आहेत, हे सगळं समोरच्याच्या कानावर घालून झालं की अगदी शेवटी, आवाज खाली आणून, "तर म्हटलं त्या ॲडव्हान्सचं काही करता येतंय का बघा," असं येतं. समोर हाडामासाचा माणूस असेल तर ही पद्धत बरी चालते. हल्ली समोर चॅटची खिडकी असते. आत्याच्या सुनेची हकीकत मुकाट वाचून घेऊन ती तीन पर्याय दाखवते: तारीख बदला, बुकिंग रद्द करा, आणखी काही मदत हवी आहे का?

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी या खिडकीत रीतसर अर्ज लिहिला होता. वर विषय, खाली संदर्भ, मग महोदय, आणि शेवटी 'आपला विश्वासू'. खिडकीचं उत्तर आलं, 'मला समजलं नाही. कृपया बुकिंग क्रमांक टाका.' पैसे गेल्याचं सरांनी पचवलं असतं. अर्ज नामंजूर झाला असता तरी त्यांची हरकत नव्हती, आयुष्यभर त्यांनीही पुष्कळ नामंजूर केले होते. पण अर्ज न वाचताच शेरा मारायचा, हे त्यांना फार लागलं.

सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या घरांचा कारभार कारणावर चालत नाही, घड्याळावर चालतो, हे आपल्या पचनी पडलेलं नाही. २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या एअरबीएनबीने रद्द करण्याच्या नियमांना नावं दिली, त्यांतली चार अशी: फ्लेक्सिबल, मॉडरेट, फर्म, स्ट्रिक्ट. एका शाळेतले चार मास्तर वाटावेत. फ्लेक्सिबल मास्तर घरात शिरायच्या चोवीस तास आधीपर्यंत सगळे पैसे परत देतात. मॉडरेट पाच दिवस आधी सांगा म्हणतात. फर्म यांच्याकडे तीस दिवस आधी कळवलं तर पूर्ण रक्कम, सात दिवसांपर्यंत अर्धी आणि त्यानंतर 'बसा खाली'. स्ट्रिक्ट यांच्याकडे आठवड्याच्या आत काही विचारायलाच जाऊ नये. चौघांत साम्य एकच, 'का?' असं कुणीच विचारत नाही. आजोबा गेले म्हणून न येणारा आणि शेजारच्या गल्लीत स्विमिंग पूलवालं घर स्वस्तात मिळालं म्हणून न येणारा, दोघे त्यांच्या लेखी सारखेच.

सारखे तरी कसले? दुसरा फायद्यात राहतो. शेजारच्या गल्लीतलं घर हेरणारा माणूस मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी शांतपणे बुकिंग रद्द करून सगळे पैसे घेऊन जातो. आजोबा मात्र मुदत बघून जात नाहीत. खरी कारणं नेहमी उशिरा येतात, खोट्या कारणांना वेळेचं भान असतं. या सगळ्या नियमांचा मला वाटतो तो गमतीचा भाग हाच.

बरं, घड्याळाची आपल्याला सवय नाही असंही नाही. ती रेल्वेने लावली. अठ्ठेचाळीस तास, बारा तास, चार तास हा पाढा २०१५ च्या नियमांनी आपल्याकडून घोकून घेतला. वेळेत रद्द केलं तर थ्री टियर एसीचे १८० रुपये, स्लीपरचे १२०, हे ज्याला पाठ नाही असा काका कुठल्याही लग्नघरात सापडायचा नाही. पण आरक्षणाच्या खिडकीवर आत्याच्या सुनेचा विषय कुणी काढल्याचं ऐकलंय? कापले, कापले. ती गाडी आहे, हे घर आहे. घर म्हटलं की आपण मनाने पाहुणे होतो, आणि पाहुण्याला 'येत नाही' म्हटल्याबद्दल दंड करणारं घर आपल्या सात पिढ्यांत झालेलं नाही.

रद्द होण्याची बीजं बुकिंगच्याच रात्री पडतात. एकाच घराचे दोन दर समोर असतात: एक पैसे परत मिळण्याचा, दुसरा न मिळण्याचा. दुसरा स्वस्त. एअरबीएनबीवर तर परताव्यावर पाणी सोडणाऱ्याला घरमालक दहा टक्के सूट देऊ शकतो. वीस हजारांवर दहा टक्के म्हणजे दोन हजार, दोन हजार म्हणजे सगळ्यांची सुरमई थाळी, असा हिशेब घरात लगेच होतो. आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "आपण कशाला रद्द करतोय!" आमच्या कुटुंबात हे वाक्य साडू म्हणतात. माझं निरीक्षण असं की हे वाक्य ज्याच्या तोंडून निघतं, पहिली गळती त्याच्याच घरातून होते. नियतीचाही कुटुंबाच्या ग्रुपवर नंबर असावा.

विचार करायला वेळ असतो म्हणावं तर तोही नसतो. पडद्यावर लाल अक्षरांत 'शेवटचं एकच घर शिल्लक, आत्ता अकरा जण पाहत आहेत' असं लुकलुकत असतं. छाती धडधडते. ते अकरा जण कोण, याचा शोध घेतला तर ते आपलेच निघतात, कारण साडूंनी मघाशीच ती लिंक कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेली असते. आपण आपल्याच मावशीला घाबरून पैसे भरतो. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने अशा तेरा फसव्या युक्त्यांची यादी जाहीर करून त्यांवर बंदी घातली. खोटी घाई हा त्यातला पहिला प्रकार. हळूच टोपलीत विमा किंवा देणगी सरकवणं हाही आहे, आणि भाडं सुरुवातीला कमी दाखवून साफसफाई, सेवाशुल्क असे आकडे एकेक करून ठिबकवणं हाही. ती यादी मी वाचली. त्यातली एकही युक्ती आपल्यावर झालेली नाही असा मोबाइलधारक महाराष्ट्रात असेल, तर त्याचा रिचार्ज संपलेला असणार.

यथावकाश कारणं उगवतात. शाळा परीक्षेचं वेळापत्रक बदलते. सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा नेमकी त्याच रविवारी लागते, आणि त्या सभेला न जाणं म्हणजे आपला बेडरूम दुसऱ्याच्या नावावर करणं, अशी घरात ठाम समजूत असते. मेहुणी शिक्षिका असल्यामुळे तिला निवडणुकीची ड्युटी लागते. ही ड्युटी लागलेल्या शिक्षिकेची अवस्था फार बिकट. तिकडे न गेली तर कारवाई, इकडे न गेली तर पैसे बुडीत. एअरबीएनबीच्या नियमांत मोठ्या संकटांचं एक स्वतंत्र प्रकरण आहे, २०२४ साली त्याला नवं नावही मिळालं. भूकंप, वादळ, साथीचे रोग, सरकारी प्रवासबंदी असं पुष्कळ काही त्यात बसतं. स्वतःचं आजारपण बसत नाही. कोर्टाचं बोलावणं बसत नाही. म्हणजे सरकारने तुम्हाला प्रवास करू नका म्हटलं तर पैसे परत, पण सरकारने 'मतदान केंद्र क्रमांक अमुकवर सकाळी हजर राहा' म्हटलं तर नाही.

आणि सुतक? त्यात सुतक कुठेच नाही. भावकीतलं कुणी गेलं की दहा दिवस सगळं थांबतं, ही गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोत बसून कळायची नाही. कोकणातल्या घरगुती मुक्कामाच्या मालकाला ती न सांगता कळते. फोनवर 'सुतक' म्हणायचा अवकाश, पलीकडून "अरे अरे, कोणाचं?" येतं, मग नातं उलगडलं जातं, मग पलीकडचेच हिशेब करून सांगतात, "म्हणजे एकवीस तारखेपर्यंत धरावं लागेल तुम्हाला." ॲडव्हान्सचा प्रश्न न विचारता सुटतो. यात नुसती सहृदयता नसते हेही खरं. सुतकातलं बिऱ्हाड आपल्या देवघराशेजारच्या खोलीत उतरावं असं त्यांनाही वाटत नसतं. अर्थात या सोयीमुळे भावकीतले कोण कधी जातील याचा भरवसा राहिलेला नाही. जोडून सुट्ट्या आल्या की आमच्या परिचयातल्या एका कुटुंबात लांबचे चुलतआजोबा हमखास दगावतात.

पावसाचं भांडण वेगळंच. पाऊस बघायचा म्हणून जुलैतलं घर घ्यायचं, आणि पाऊस पडतोय म्हणून पैसे परत मागायचे. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या नेहमीच्या लाँच बंद असतात हे अलिबागच्या वाटेवरचं शेंबडं पोर सांगेल, पण बुकिंगच्या वेळी ते कुणाला आठवत नाही. घाटमाथ्यावर याहून सूक्ष्म वाद होतो. जिल्हाधिकारी मनाईचा आदेश काढतात, धबधब्यांकडे फिरकायचं नाही. पाहुणा म्हणतो, सरकारी आदेश आहे, पैसे द्या. मालक म्हणतो, आदेश धबधब्याला आहे, घर उघडं आहे, या की. "धबधबा बंद असताना तुमच्या घरात बसून करू काय?" "कांदाभजी मिळतील." यावर कोणत्याही न्यायालयाने निकाल द्यावा.

मालकाची बाजू मात्र मला पटते. दिवेआगरला उकडीचे मोदक आगाऊ सांगावे लागतात, कारण ते आयत्या वेळी होत नाहीत. सकाळी नारळ खवून, सारण करून, चाळीस मोदकांची उकड काढल्यावर दुपारी 'आम्ही येत नाही, ट्रॅफिक आहे' असा निरोप आला, तर त्या वहिनींनी काय करायचं? मुंबई-गोवा महामार्गावर ट्रॅफिक आहे हे कारण आहे की वर्णन? आणि कोकणातला हंगाम तो केवढा: दिवाळीची सुट्टी, नाताळ, मे महिना आणि अधूनमधून जोडून आलेले शनिवार-रविवार. एकतीस डिसेंबरची खोली रिकामी गेली, तर ती रात्र एक जानेवारीला विकता येत नाही. त्यात ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवून गेलं. आधीच टाळेबंदीने बुकिंगं गेली होती, आता ज्या सावलीसाठी लोक यायचे ती सावलीच गेली.

त्याच वर्षी घड्याळानेही एकदा माघार घेतली. मार्चमध्ये एअरबीएनबीने महिनाभरातल्या मुक्कामांचे सगळे पैसे पाहुण्यांना परत करायचं जाहीर केलं, मग घरमालकांचा नियम फर्म असो की स्ट्रिक्ट. पाहुण्यांनी दुवा दिला, जगभरच्या घरमालकांनी बोटं मोडली. शेवटी कंपनीने घरमालकांसाठी २५ कोटी डॉलर बाजूला काढले, आणि नियमाप्रमाणे त्यांना जे मिळालं असतं त्याचा चौथा हिस्सा दिला. एकदा का घड्याळ बाजूला ठेवून कारण ऐकायला गेलं, की केवढ्याला पडतं बघा.

आता कराविषयी. हे लिहिताना माझा हात जरा थरथरतो. तुम्ही गेला नाहीत, राहिला नाहीत, तिथला पंखाही फिरवला नाहीत. दहा हजार कापले गेले, ठीक. पण त्या कापलेल्या रकमेवर जीएसटीही लागतो. ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात तसं स्वच्छ लिहिलंय: मूळ सेवेवर ज्या दराने कर, त्याच दराने ती सेवा रद्द करण्याच्या शुल्कावर. तुमच्यासाठी व्यवस्था करून ठेवणं आणि मग ती मोडणं हीदेखील सेवाच आहे, असा त्यामागचा विचार. विचार म्हणून तो मला चोख वाटतो. घरी, आपल्याच पलंगावर, आपलीच चादर पांघरून काढलेल्या शनिवारच्या रात्रीवर कर भरणारा नागरिक देशाच्या उभारणीत किती खोलवर सहभागी असतो! आमचे साडू ही पावती पाकिटात घालून फिरतात आणि चहाला आलेल्या प्रत्येकाला दाखवतात.

त्यांना कायद्याचाही नाद आहे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ साली, म्हणजे लोणावळ्याला जायची सोय झाल्यावर अवघ्या नऊ वर्षांत 'येतो म्हणून न येणं' याची तरतूद सरकारने करून ठेवली, असं ते म्हणतात. त्यातलं ७४ वं कलम त्यांना मुखोद्गत आहे: करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी तो वरची मर्यादा, मिळणार ती वाजवी भरपाई. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणाऱ्या कराराला अन्यायकारक म्हटलंय. हे ऐकून माणूस छाती काढून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करतो. तक्रार घेतली जाते, क्रमांक मिळतो, पुढे हालचालही होते. पण वाजवी भरपाई म्हणजे किती हे ठरवायचं तर वहिनींनी किती नारळ खवले होते, इथपासून पुरावा आला. चार हजारांसाठी एवढी उलटतपासणी करायला फार कमी माणसं उरतात. कंपन्यांनाही ते ठाऊक असतं.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांतली एक ओळ मला मनापासून आवडते. ग्राहकाकडून रद्द करण्याचं शुल्क घ्यायचं असेल तर कंपनीनेही एकतर्फी रद्द केल्यावर तसंच शुल्क सोसावं. एअरबीएनबीतही आयत्या वेळी दार लावणाऱ्या घरमालकाला दंड आहे. मुक्कामाला अठ्ठेचाळीस तास उरले असताना त्याने रद्द केलं तर बुकिंगच्या निम्म्यापर्यंत. कोकणात हा दंड कुणाला लावणार? गणपतीत चाकरमानी घरी येतात, ओटीवरसुद्धा माणसं झोपतात, आणि तुमच्या पक्क्या बुकिंगचा फोन येतो: "दादा, तुम्हाला दिलेली खोली जरा अडचणीत आली. जावयांनी अचानक रजा काढली." जावयाविरुद्ध महाराष्ट्रात कोणताही नियम चालत नाही.

सगळ्यात कडक धोरण म्हणाल तर अस्तित्वात नसलेल्या बंगल्यांचं. सुंदर फोटो, निम्मं भाडं, 'आत्ताच भरलं तर ठेवतो' म्हणणारा गोड आवाज. पैसे पाठवले की नंबर बंद. तिथे पोचल्यावर पत्त्यावर मोकळा प्लॉट किंवा भलत्याच माणसाचं घर, आणि तो भलता माणूस तुमच्याआधी आलेल्या कुटुंबांच्या कथा सांगून वैतागलेला. म्हणून तर दाराशी प्रत्यक्ष माणूस असलेलं घर लोकांना बरं वाटतं.

गुहागरकडचे एक काका असे आहेत. त्यांच्याकडे रद्द करण्याचं धोरण नाही, एक लांब वही आहे. कुणी येत नाही म्हटलं की ते पूर्ण कारण ऐकतात, मधून प्रश्न विचारतात, आणि मग म्हणतात, "पैसे कुठे जात नाहीत. पुढच्या वेळी याल तेव्हा वळते करू." पुढची वेळ कधी, याला मुदत नाही. या जमा रकमा वहीत वर्षानुवर्षं राहतात. कुणी आपली रक्कम भावाच्या नावावर करायला सांगतो, कुणी फोन करून "त्यातले आंबे पाठवा" म्हणतो. परत मात्र आजवर कुणाला मिळालेले नाहीत, आणि बुडाले असंही कुणी म्हणत नाही. बँकेच्या माणसाने ही वही पाहिली तर चक्कर येऊन पडेल.

काकांचा मुलगा पुण्यात आयटीत आहे. त्याने मागच्या हंगामात वडिलांसाठी एक पीडीएफ केलं. पंधरा दिवस आधी इतके टक्के, सात दिवस आधी इतके, त्यानंतर काही नाही, खाली काकांची सही स्कॅन करून. काका प्रत्येक पाहुण्याला ते व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि लगेच फोन करून सांगतात, "ते मुलाने केलंय, तुम्ही वाचू नका."

या मे महिन्यात मुलाने स्वतः मनालीला घर घेतलं होतं, स्वस्तातल्या दराने, परतावा नसलेलं. ऑफिसात कसलंसं रिलीज आलं आणि रजा रद्द झाली. सगळे पैसे गेले. तो गावी आला तेव्हा काकांनी विषय काढला.

"मग त्या घरवाल्याला फोन करून सांग की, काम निघालं म्हणून. तोही आपल्यासारखाच असेल."

"नंबर नसतो बाबा. सगळं ॲपवर असतं."

काकांनी चष्मा काढला.

"नंबरच नाही? मग तू पैसे दिलेस कोणाला?"